दारू आणि मनाचा आजार एकत्र असताना समुपदेशक ‘सोड’ का म्हणत नाहीत?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी खोल उदासी) आहे आणि काही वर्षांपासून तो रोज दारू पितो. एका ठिकाणी सांगितले, आधी दारू सुटू द्या. दुसरीकडे म्हणाले, आधी मन स्थिर होऊ द्या. सध्याच्या समुपदेशक बाई त्याला ‘दारू सोड’ असे म्हणतच नाहीत, उलट ‘प्यायल्यावर काय बरे वाटते?’ असे विचारतात. यात वेळ वाया जातो आहे का? – एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, वेळ वाया जात नाही. ‘आधी हे, मग ते’ या टोलवाटोलवीत मात्र अनेक कुटुंबांची वर्षे गेली आहेत. झोप यावी किंवा उदासी बोथट व्हावी म्हणून माणूस पितो, त्या पिण्याने झोप आणि मनःस्थिती आणखी बिघडते, गोळ्या चुकतात आणि आजार पुन्हा उसळतो. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी उपचार व्हावे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे.

समुपदेशक बाई वापरत आहेत त्या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांसंदर्भात ती प्रथम मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केली. व्यसनी माणसाला सोडावेसेही वाटत असते आणि प्यावेसेही वाटत असते. आपण सोडण्याची बाजू जोरात मांडली, की त्याच्या वाट्याला पिण्याची बाजू उरते, आणि तीच पुन्हापुन्हा बोलता बोलता त्याच्या मनात घट्ट होते. म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून यावीत, अशा बेताने ही समुपदेशक प्रश्न विचारतात. ‘प्यायल्यावर काय बरे वाटते?’ हा प्रश्न पिण्याला मान्यता देत नाही. ‘झोप लागते’ असे उत्तर आले, तर झोपेवर उपचार हवा हे कळते आणि ‘पण सकाळी हात थरथरतात’ हे पुढचे वाक्य पुष्कळदा तो स्वतःच बोलतो.

‘दहापैकी किती सोडावेसे वाटते?’ या प्रश्नाला तो ‘चार’ म्हणाला, तर ‘आठ का नाही?’ असे न विचारता ‘दोन का नाही, चार का?’ असे विचारले जाते. पहिल्या प्रश्नाला सबबी मिळतात, दुसऱ्याला कारणे मिळतात.

मनाचा आजार सोबत असतो तेव्हा ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. विचार विस्कळीत असतील, संशय किंवा भास असतील, तर प्रश्न छोटे आणि साधे ठेवावे लागतात, बैठक आखूड करावी लागते आणि झालेले बोलणे वारंवार थोडक्यात सांगावे लागते. गोळ्या घेणे हा विषयही याच रीतीने हाताळला जातो : ‘गोळ्यांनी सुस्ती येते म्हणून बंद कराव्याशा वाटतात आणि बंद केल्यावर पुन्हा दाखल होण्याची वेळ यावी, हेही तुम्हाला नको आहे.’ एवढे बोलून समुपदेशकाने थांबायचे असते. ते थांबणे जमणे हेच मला या कामातले सर्वांत अवघड कौशल्य वाटते.

मात्र केवळ संवादाने बायपोलर आजार आटोक्यात येत नाही, औषधे लागतातच. तीव्र उन्मादाच्या अवस्थेत किंवा आत्महत्येचे विचार असताना आधी सुरक्षितता आणि डॉक्टर. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. तेव्हा घरच्यांनी बाटली परस्पर लपवू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध सुरू असेल, तर उलट्या, जुलाब किंवा प्यायल्याने शरीरातले पाणी कमी होऊन औषधाची रक्तातली पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते, हे त्यालाही माहीत असावे. अडचणीच्या वेळी टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पुढच्या भेटीत भावाच्या संमतीने एवढेच विचारावे, की त्याचे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक बाई एकमेकांशी बोलतात का. बोलत नसतील, तर त्यांची एक एकत्र बैठक मागून घ्यावी.