पणजोबांच्या काळी शेजाऱ्यांनी कोरलेला बांध आज परत मिळतो का?

आपण विचारले आहे की, पणजोबांच्या काळी शेजाऱ्यांनी बांध कोरून जमीन दाबली असे घरातील वडीलधारे सांगतात आणि सातबाऱ्यावर क्षेत्रही पूर्ण आहे, तर ती पट्टी आज परत मिळेल का. मिळू शकते; परंतु आपण पुरावा म्हणून जे पुढे करता, त्याने काहीही सिद्ध होत नाही. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही, आणि वडीलधाऱ्यांची आठवण बहुधा आपल्याच घराच्या बाजूने झुकलेली असते.

आमच्या घरी असे सांगितले जाई की, शेजाऱ्यांच्या खापरपणजोबांनी अमावास्येच्या रात्री हद्दीचा दगड उपटून आमच्या शेतात आत रोवला. शेजाऱ्यांच्या घरीही हीच गोष्ट होती. अमावास्याही तीच, फक्त दगड उपटणारा आमच्या घराण्यातला. एवढ्या भांडवलावर दोन्ही घरांचे जाणे-येणे बंद झाले, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या मोडल्या आणि नांगरटीच्या दिवशी काठ्या घेऊन बांधावर बसणे हे कर्त्या पुरुषांचे दरवर्षीचे काम होऊन बसले. दोन्हीकडून फाळ लावून बांध इतका कोरला गेला होता की त्यावरून धड चालता येत नसे आणि त्यावरच्या बोरीची मुळे दोन्ही अंगांनी उघडी पडून लोंबत होती.

मी मोजणीचा अर्ज करायचे म्हटले, तेव्हा सर्वांत मोठा विरोध शेजाऱ्यांनी नव्हे, तर माझ्या थोरल्या चुलत्यांनी केला. आजोबांनी दाखवलेली हद्द कागदावर तपासणे म्हणजे आजोबांना खोटे पाडणे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला आपल्या हद्दीची खात्री आहे त्याने मोजणीला भिण्याचे कारण नाही, असे माझे म्हणणे होते आणि आजही आहे. अखेर उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अर्ज गेला, लगतच्या खातेदारांना नोटिसा निघाल्या आणि भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, शेतात आले. उत्तरेच्या टोकाला शेजारी आमच्या हद्दीत आलेले निघाले. हे ऐकताच चुलत्यांनी भूकरमापकांना स्वतः चहा आणून दिला. दक्षिणेच्या टोकाला आम्हीच शेजाऱ्यांच्या हद्दीत होतो, असे निघताच तेच भूकरमापक त्यांच्या लेखी विकले गेलेले ठरले. पुढे त्यांच्याच आग्रहाने निमताना मोजणी, म्हणजे पहिल्या मोजणीवर हरकत घेतल्यावर वरिष्ठांकडून होणारी फेरमोजणी, झाली आणि तिचाही निष्कर्ष तोच आला. तेव्हापासून चुलते यंत्राला दोष देतात.

जुन्या टिपणात, म्हणजे मूळ मोजणीच्या मापांच्या नोंदीत, अंतरे साखळी आणि आण्यांत लिहिलेली असतात, हे त्यांना मी अनेकदा समजावून पाहिले. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा साधारण दोन फुटांचा. वीस साखळ्या लांबीच्या बांधावर दोन फुटांची पट्टी धरली तर ती १३२० चौरस फूट होते, म्हणजे गुंठ्याहून (१०८९ चौरस फूट) थोडी अधिक. ज्या नोंदीचे मापच आण्याचे आहे, तिच्या आधारे वीतभर जमिनीवरून शेजाऱ्याला चोर ठरवणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे. आपली पट्टी याहून बरीच रुंद असेल, तरच पुढे जावे.

जायचेच असेल तर अर्जाआधी टिपण, गुणाकार बुक (क्षेत्रफळाच्या आकडेमोडीची नोंद) आणि फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा नकाशा) यांच्या नकला काढाव्यात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली आपल्या गावात विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण होऊन गट पडले असतील, तर गटाचा नकाशा जुन्या सर्व्हे नंबरशी ताडून पाहावा, कारण पुष्कळदा अमावास्येच्या रात्रीचा चोर तिथेच, म्हणजे सरकारी कागदातच, सापडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १३८ नुसार हद्द निश्चित झाल्यावर चुकीचा ताबा जिल्हाधिकारी काढू शकतात आणि वाकड्यातिकड्या हद्दी सरळ करण्याची तरतूद कलम १३७ मध्ये आहे. शेजाऱ्याची जमीन आपल्याकडे आणि आपली त्याच्याकडे, असा ताबा किमान बारा वर्षे असेल, तर २०२३ च्या सलोखा योजनेत मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये भरून अदलाबदल होऊ शकते. योजनेची मुदत मात्र तपासून घ्यावी.

हे आधीच सांगायला हवे होते, पण शेजाऱ्याचा ताबा बारा वर्षांहून अधिक काळ उघड, सलग आणि आपल्या हक्काला न जुमानता राहिला असेल, तर दिवाणी न्यायालयात तो विरुद्ध कब्जाचा, म्हणजे दीर्घ ताब्यामुळे जमीन आपलीच झाली असा, मुद्दा काढील. म्हणून नकला घेऊन आधी वकिलाला भेटावे. नुसत्या मोजणीने मालकी ठरत नाही.

आमच्याकडे शेजारी दोन्ही टोकांची अदलाबदल करण्यास तयार आहेत. अडले आहे ते चुलत्यांच्या सहीपाशी, कारण खाते सामाईक आहे. तेव्हा आपल्या सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांकडून निष्कर्ष कोणताही आला तरी मान्य राहील असे अर्जापूर्वीच लिहून घ्यावे, आणि आजोबांचे नाव जे सर्वांत जास्त घेतात त्यांची सही सर्वांत आधी घ्यावी.