उतारवयातील ताण आणि रक्तदाबाचा वरचा आकडा

लातूर जिल्ह्यातील 68 वर्षांचे एक सेवानिवृत्त शिक्षक पत्नीसह माझ्याकडे आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). ते म्हणाले, "मॅडम, 1993 ला किल्लारीच्या भूकंपात मी ढिगाऱ्यातून माणसं काढली, तवा काही झालं नाही. आता पोरानं पुण्याहून फोन उचलला नाही तरी बीपी 160 च्या वर जातो. मी इतका भित्रा कधी झालो?" साठीनंतर अनेकांना हीच शंका छळते, आणि आकड्यापेक्षा त्यामागची लाजच जास्त बोचते.

मी म्हटले, "गुरुजी, हा भित्रेपणा नव्हे." कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक पहाटेपासून वाढते आणि रात्री उतरते, उतारवयात मात्र पुष्कळांमध्ये ते रात्री पूर्वीइतके खाली येत नाही, आणि ताण सरल्यावर त्याचा स्राव आवरण्याची मेंदूची यंत्रणाही मंदावते. रक्तवाहिन्या आकसवणारे नॉरअॅड्रेनालिन हे ताणाचे दुसरे संप्रेरकही रक्तात वयानुसार वाढते. त्यातच मोठ्या धमन्या ताठर झालेल्या असल्यामुळे हृदयाचा प्रत्येक ठोका त्यांना पूर्वीसारखा सामावून घेता येत नाही. म्हणून वरचा दाब चढतो आणि खालचा मात्र पन्नाशीनंतर बहुधा उतरू लागतो. त्यांच्या वहीत 162/74 अशाच नोंदी होत्या.

मग मी त्यांना माझ्यासमोरच दाब मोजायला सांगितले. बाकाच्या कडेला बसून, हात लोंबता ठेवून आणि मुलाविषयी बोलत बोलत त्यांनी यंत्र लावले, तेव्हा वरचा आकडा 168 आला. पाठ टेकवून, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसल्यावर तो 148 झाला. तरीही 148 हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे, आणि सगळे खापर टेन्शनवर फोडून चालत नाही.

याचा उलगडा त्यांच्या पत्नीने केला: "टेन्शन नसलं की गोळी घेतच नाहीत." ही समजूत मला फार घातक वाटते, कारण रक्तदाबाची गोळी टेन्शनची नसते, ती रोजच घ्यायची असते आणि बदलायची ती डॉक्टरांनीच. त्यांना मी त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवले. मुलाने रात्री जेवणानंतरची वेळ ठरवून फोन करावा, एवढे आम्ही त्याच्याशी बोलून घेतले, आणि गुरुजींनी झोपण्यापूर्वी संथ श्वसन सुरू केले.

दाब 180/120 च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर ताण ओसरण्याची वाट न पाहता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.