बीपीडब्ल्यू३४ वर मिनिटाला ४५ काउंट: किरणोत्सार की नॉइज?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत घरी बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, टीएल०७२ ऑप-अँपचा चार्ज अँप्लिफायर (चिमुकल्या विद्युतभाराचे व्होल्टेज करणारा), एलएम३९३ कंपॅरेटर (ठरलेल्या पातळीवरचे पल्स ओळखणारा) आणि आर्डुइनो जोडून डिटेक्टर केलाय. डायोडला १ मेगाओहममधून ९ व्होल्ट बायस (डायोडवर कायम लावलेला उलटा व्होल्टेज), पुढे १०४ चा, म्हणजे १०० नॅनोफॅरडचा, सिरॅमिक कपॅसिटर. मोकळ्या खोलीत मिनिटाला ४५ काउंट येतात, टाळी वाजवली की वाढतात. घरात किरणोत्सार आहे का?

नाही. हा जवळजवळ सगळा नॉइज आहे, आणि ते सर्किट न बघताही सांगता येते. डायोडचे क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर. एका आडव्या चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन (कॉस्मिक किरणांतून येणारा कण) जातो, म्हणजे तुमच्या डायोडच्या वाट्याला तेरा-चौदा मिनिटांतून एक. जमिनीतले गॅमा एवढ्या पातळ सिलिकॉनमधून बहुतेक आरपार निघून जातात. त्यात आपल्याकडचा कातळ बेसॉल्टचा, ग्रॅनाइटपेक्षा त्यात युरेनियम-थोरियम कमी. एसबीएम-२० सारखी दहा सेंटिमीटरची गायगर नळी मिनिटाला २० च्या आसपास दाखवते, म्हणून लोक फोटोडायोडकडूनही तेवढ्याची अपेक्षा धरतात. इथे तासाला मूठभर काउंट आले तर ते ठीक.

आता सिग्नल किती लहान आहे ते बघा. सिलिकॉनमध्ये एका इलेक्ट्रॉन-होल जोडीला ३.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) लागतात. ६० केईव्ही (हजार ईव्ही) जमा झाले तर १६,७०० इलेक्ट्रॉन, म्हणजे २.७ फेम्टोकूलंब, १ पिकोफॅरडच्या फीडबॅक कपॅसिटरवर फक्त २.७ मिलिव्होल्ट. टीएल०७२ नीट बांधला तर नॉइज १,५०० ते २,००० इलेक्ट्रॉनवर येतो, म्हणजे ५ ते ७ केईव्ही. चालण्यासारखे आहे.

तुमची मुख्य चूक तो १ मेगाओहम. सिग्नलला समांतर बसलेला रेझिस्टर ५० मिलिव्होल्ट भागिले त्याची किंमत एवढ्या लीकेज करंटइतका नॉइज देतो. १ मेगाओहम म्हणजे ५० नॅनोअँपिअर, आणि डायोडचा स्वतःचा डार्क करंट (अंधारातही वाहणारा) १० व्होल्टला साधारण २! उरलेला घोटाळा १०४ सिरॅमिकचा: हे कपॅसिटर हादऱ्याने व्होल्टेज देतात, टाळीचा आवाज तिथूनही आत येतो. दोन्ही तिथून काढा. डायोडचा अ‍ॅनोड थेट टीएल०७२ च्या इनव्हर्टिंग पिनला जोडा. कॅथोडला ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, १ मेगाओहममधून, आणि कॅथोड ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. तोच रेझिस्टर, पण आता त्याचा नॉइज कपॅसिटर गिळतो. डायोड ६० व्होल्टपर्यंत सहन करतो, आणि बायस वाढला की त्याची कपॅसिटन्स घटते: ० व्होल्टला ७० पिकोफॅरड, ३ व्होल्टला २५.

फीडबॅकला २.२ पिकोफॅरडचे दोन सिरीजमध्ये, म्हणजे १.१, त्याला समांतर १०० मेगाओहम. तो मिळाला नाही तर १० मेगाओहमचे दहा ओळीने जोडा. इनपुटची पिन बोर्डावर न टेकवता हवेतच सोल्डर करा आणि फ्लक्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा. पावसाळ्यात फ्लक्स दमट झाला की लीकेज वाढलेच.

मग मल्टिमीटरने अँप्लिफायरच्या आउटपुटचा डीसी मोजा. २ नॅनोअँपिअरला उणे ०.२ व्होल्ट यायला हवेत. उणे १ च्या पुढे गेला तर प्रकाश शिरतोय किंवा बोर्ड मळलाय. काळी टेप पुरत नाही, कारण हा डायोड ९०० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडला सगळ्यात तेज आणि काळे प्लास्टिक ते कधी कधी सोडते. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, ग्राउंडला जोडा, आणि सगळे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, बॅटऱ्यांसकट.

शेपिंगला (पल्सला आकार देणाऱ्या फिल्टरला) १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड, डिफरन्शिएटर आणि इंटिग्रेटर दोन्हीकडे, १० मायक्रोसेकंद. पोल-झीरोसाठी (पल्सची लांब शेपटी काढायला) १ नॅनोफॅरडवर ११० किलोओहम टाकतात, पण तुमच्या काउंट दराला त्याची आणि पाइल-अपची (पल्सवर पल्स चढण्याची) चिंता नको.

थ्रेशोल्ड (काउंट धरायची किमान पातळी) मात्र काळजीने लावा. नॉइजच्या ४ पट ठेवला तर खोटे काउंट सेकंदाला पाचेक, ५ पटीला मिनिटाला तीन-चार, ६ पटीला तासाला एखादा. एवढा उतार असल्याने प्रीसेट अंदाजाने फिरवू नका. आर्डुइनोची ५ व्होल्टची पिन १०० किलोओहम आणि ५६ ओहमने विभागून २.८ मिलिव्होल्टची पायरी करा, ती १.१ पिकोफॅरडमधून इनपुटला द्या: हा सुमारे ७० केईव्हीचा खोटा कण. त्याच्या पल्सच्या ६० टक्क्यांवर थ्रेशोल्ड ठेवा. कॅलिब्रेशन झाले की ती तार काढून टाका. एलएम३९३ ला थोडा हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळीत फरक) द्या, नाहीतर एका पल्सचे तीन काउंट होतात.

तरीही काउंट जास्त असतील तर दोन काउंटमधले अंतर मायक्रोसेकंदात नोंदवा. ती १० मिलिसेकंदांच्या पटीत पडत असतील तर तो विजेचा किंवा दिव्यांचा १०० हर्ट्झ आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा बघा.

खरी चाचणी खताच्या दुकानात मिळते. उसाला टाकतात ते म्युरेट ऑफ पोटॅश ग्रॅमला सुमारे १५ बेकरेल (सेकंदाला तेवढी विघटने) देते, पोटॅशियम-४० मुळे. द्राक्षवाल्यांचे सल्फेट ऑफ पोटॅशही चालेल. पातळ पिशवीत भरून फॉइलला टेकवा. मिनिटाला एखादा काउंट वाढला तरी पुष्कळ, म्हणून एक रात्र पोटॅशसह आणि एक रात्र त्याच्याशिवाय, सारखाच वेळ मोजा. दोन आकड्यांतला फरक त्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या तिपटीपेक्षा मोठा असेल, तर डिटेक्टर खरोखर पोटॅशियमचे बीटा कण बघतोय.