सही पसरू नये म्हणून

प्रश्न : दादरच्या पुस्तकांच्या दुकानात आवडत्या लेखिकेचं अभिवाचन आहे, नंतर स्वाक्षऱ्या. मागे एका पुस्तकावरची सही पसरली होती. काय काळजी घ्यावी?

उत्तर : दोष बहुधा कागदाचा. गुळगुळीत आर्ट पेपर शाई फारशी शोषत नाही. जेल पेनाची सही ओलीच राहते आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उमटते. म्हणून सही मुखपृष्ठाच्या आत नको, शीर्षकपानावर घ्या. साधं बॉलपेन न्या, वर टिपकागद ठेवा. आपलं नाव चिठ्ठीवर लिहून त्याच पानात खोचा. ‘ऋचा’ की ‘रुचा’ हे टेबलापाशी सांगत बसलात तर मागची रांग वैतागते, आणि तिचं बरोबरच असतं! घरची प्रत न्यायची असेल तर दुकानात आधी विचारा. काही ठिकाणी तिथेच घेतलेल्या पुस्तकावरच सही मिळते. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी हवीच.