मिलानला येण्याआधी सावंतवाडीत एक वस्तू पुरी करा

तुम्ही विचारलंत: कुडाळला आर्किटेक्ट आहे, सावंतवाडीच्या लाखकामाच्या मोजक्या, संग्रही ठेवण्याजोग्या चहादाण्या करायच्या आहेत, तर मिलानला यावं का? जरूर या. पण नुसती थ्रीडी चित्रं घेऊन येऊ नका.

घरगुती वस्तू बनवणाऱ्या अलेस्सी या इटालियन कंपनीने 1983 मध्ये 11 आर्किटेक्टांकडून चांदीचे चहा-कॉफी संच करवले, प्रत्येकाचे फक्त 99. त्या आर्किटेक्टांपैकीच मायकेल ग्रेव्ह्‌जची 1985 ची स्टीलची किटली मात्र रोजच्या वापराची. तोटीवरच्या शिट्टीच्या पक्ष्याकडे सगळे बघतात. तुम्ही मूठ बघा. ती पॉलिअमाइडची आहे, उकळत्या पाण्याच्या वाफेत टिकणारी.

अशा मुठीला लाख चालणार नाही. लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून पसरते; म्हणून तर सावंतवाडीच्या चितारआळीतलं ते काम इतकं एकसंध दिसतं. पण तीच लाख साधारण 70 अंशांना पुन्हा मऊ पडते, मूठ हाताला चिकटते. स्पिरिटमध्येही ती विरघळते, म्हणजे ग्राप्पाचा (इथल्या द्राक्षांच्या कडक दारूचा) पेला ठेवला की लाखेच्या ट्रेवर डाग. लाख डब्याला, त्याच्या झाकणाच्या बोंडाला, फळांच्या ताटाला द्या. अन्नाला लागणाऱ्या भागाला युरोपच्या 1935/2004 नियमाची कागदपत्रं लागतात. रंग कुठला वापरला ते चिताऱ्याकडून लिहून घ्या.

दुसरी अडचण लाकडाची. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडात 16-18 टक्के ओल असते, इथे मिलानला हिवाळ्यात हीटर लागला की 8 वर येते. 100 मिलिमीटरचा तुकडा रेषांना आडव्या दिशेत दीड-दोन मिलिमीटर आकसतो. पितळेची कडी घट्ट बसवली असेल तर ती सैल होते, दोन्ही बाजूंनी जखडलेलं लाकूड तडकतं. लाकूड 10 टक्क्यांपर्यंत वाळवून मगच कातून घ्या, आणि ओल मोजणाऱ्या मापकाने तपासा. लाकडी खोका पाठवायचा तर त्यावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का हवा.

वस्तूचे फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी भारतात डिझाइन नोंदणीचा अर्ज करा; 6 महिन्यांच्या आत युरोपात केलात तर भारतातल्या अर्जाचीच तारीख धरतात. मिलानच्या एप्रिलमधल्या फर्निचर प्रदर्शनात ‘सालोने सातेल्लिते’ हा तरुण डिझायनरांचा विभाग असतो; त्याला 35 वर्षांच्या आतलेच चालतात, वय मोजून आखणी करा.

इथे ‘आर्कितेत्तो’ (आर्किटेक्ट) ही उपाधी कायद्याने राखीव आहे. तुमच्या पात्रतेला मान्यता मिळून इथल्या आर्किटेक्टांच्या नोंदणीत नाव येईपर्यंत कार्डावर ‘डिझायनर’च लिहा. आणि लांब मुक्कामाच्या व्हिसावर आलात तर आल्यावर 8 कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाका.