हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ७१. यजमान गेल्यावर पुण्यातला फ्लॅट सोसायटीने नॉमिनी म्हणून माझ्या नावावर केला. मुलगा म्हणतो, "बक्षीसपत्र करून टाक, दोनशे रुपयांत होतं, नंतर कटकट नको." मुलीची हरकत नाही. करावं का?

उत्तर : फ्लॅट अजून पूर्ण तुमचा झालेलाच नाही, तेव्हा आधी ते निस्तरा. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं म्हणजे मालकी आली असं नसतं. नॉमिनीने वारसांच्या वतीने घर सांभाळायचं असतं. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि १९५६चा हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू असेल, तर पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा (सासूबाई तेव्हा हयात असल्या तर त्यांचाही). म्हणजे बक्षीस द्यायचं म्हटलं तरी तुमच्या हातात जेमतेम तिसरा हिस्सा. मुलीची हरकत नाही ना? मग तिने आणि मुलानेही तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. आपल्याकडे हक्कसोड कायम बहिणीने आणि आईने करायची आणि ती मुलाच्या पदरात पडायची, असा शिरस्ता पडला आहे. कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही.

आता बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं. शहरात वरचे अधिभार लागतात ते निबंधक कार्यालयात विचारून घ्या. पण स्वस्त पडतं हे घर देण्याचं कारण होऊ शकत नाही. एकदा नोंदणी होऊन मुलाने ते स्वीकारलं की तुमचं मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. त्याने उद्या कर्जासाठी घर तारण ठेवलं आणि हप्ते थकले, तर मुलगा कितीही गुणी असला तरी बँक तुमचं वय बघणार नाही.

मुलाला हवी ती सोय मृत्युपत्राने होते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तुम्ही सही करताना पाहणारे दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडून मानसिक स्थिती ठीक असल्याचा दाखला घेऊन जोडा. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं, आणि सत्तरीनंतर घरातलं वजन त्यानेच टिकतं.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल, तर मसुदा घरी आणून सावकाश वाचा. छापील मसुद्यात 'प्रेमापोटी, विनामोबदला व विनाअट' असे शब्द ठरलेले असतात. त्यातला 'विनाअट' खोडायला लावा. त्या जागी स्पष्ट लिहून घ्या : लिहून देणार (म्हणजे तुम्ही) यांना हयातभर याच घरात राहण्याचा हक्क राहील; त्यांचं जेवणखाण, औषधपाणी आणि दरमहा अमुक रुपये ही लिहून घेणार (म्हणजे मुलगा) यांची जबाबदारी राहील. या दोन ओळी असल्या तर ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ पाठीशी उभं राहतं. सांभाळ झाला नाही तर ते हस्तांतरण फसवणुकीचं समजून तुमच्या अर्जावर रद्द होऊ शकतं.

प्रश्न : पेन्शनचं खातं मुलासोबत जॉइंट आहे, एटीएम कार्ड त्याच्याकडे. भाजीलाही पैसे मागावे लागतात.

उत्तर : पासबुकावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलेलं असेल तर दोघांपैकी कुणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार फक्त त्याचा. पहिलं नाव तुमचं ठेवून ही पद्धत बदलायला अर्ज द्या. त्यावर मुलाचीही सही लागते. तो देत नसेल तर तुमच्या एकट्याच्या नावे नवं खातं उघडून पेन्शन तिकडे वळवा, आणि मेसेज येणारा मोबाइल नंबर स्वतःचा द्या. नंबर बदलायचं बहुतेक जण विसरतात, मग नव्या खात्याचाही ओटीपी मुलाच्याच फोनवर जातो.

प्रश्न : २०२१मध्ये घर मुलाच्या नावे बक्षीस दिलं, अट घातली नव्हती. आता जेवणही वेगळं, बोलणंही नाही. कोर्टात जाण्याची ऐपत नाही.

उत्तर : दिवाणी कोर्टाआधी प्रांत कार्यालय. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे उपविभागीय अधिकारी (प्रांत) हेच निर्वाह न्यायाधिकरणाचे, म्हणजे मुलांकडून आईवडिलांना दरमहा खर्चाची रक्कम ठरवून देणाऱ्या यंत्रणेचे, प्रमुख असतात. तुम्ही राहता तिथे साध्या कागदावर अर्ज करता येतो. तिथे वकिलाची गरज नाही. स्वतः जाणं जमत नसेल तर तुम्ही नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे (फार तर आणखी ३०), आणि तोवरची अंतरिम रक्कम मागता येते. निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये.

'मुलगा बघत नाही' एवढ्याच वाक्यावर अर्ज लंगडा पडतो. औषधांची बिलं, महिन्याचा हिशेब, कोणत्या तारखेपासून जेवण बंद झालं, डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं, हे लिहा. मागणी आकड्यात मांडा. अर्ज मुलावर करा. या कायद्याच्या 'अपत्य' व्याख्येत सून येत नाही.

घर परत मिळवणं मात्र अवघड आहे. अट होती हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केलं, पण तिथे मुलाने सांभाळाचं वचनपत्र वेगळं लिहून दिलेलं होतं. तुमच्याकडे तशी चिठ्ठी, मेसेज, काहीही असेल तर शोधा. निर्वाह मागण्याचा हक्क घर गेलं तरी राहतो. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

प्रश्न : सासरे ८०, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत. डायपर बदलताना रडतात. मी सून, मलाही अवघडतं.

उत्तर : शक्य असेल तर अंगाची कामं मुलाने करावीत किंवा पुरुष मदतनीस ठेवावा. मुलगा घरी असूनही हे काम सुनेवर ढकललं जातं, ते थांबवा. तुमच्यावरच आलं तर पुढच्या गोष्टी पाळा.

दार लावा, इतरांना बाहेर पाठवा. काय करणार आहात ते आधी सांगा, "आता कूस वळवते, बाबा." सगळे कपडे एकदम काढू नका, कमरेपासून गुडघ्यापर्यंत पातळ चादर ठेवून तिच्याखालून काम करा. कोमट पाण्याचं फडकं पिळून पुसा, जांघेतल्या घड्या टिपून कोरड्या करा. चालत्या हाताने त्यांना स्वतः तोंड पुसू द्या, वेळ लागला तरी.

डायपर अहोरात्र लावू नका. लघवीची जाणीव असेल तर दर दोन-तीन तासांनी युरिन पॉट द्या. न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतड्यांची हालचाल वाढते. आधार देऊन बसवता येत असेल तर त्याच वेळी रोज कमोड खुर्चीवर बसवा. कित्येकदा दिवसाचा डायपर सुटतो.

दर दोन तासांनी कूस बदला, ओढून नव्हे, खालच्या आडव्या चादरीने दोघांनी उचलून. ओढलं की कातडी सोलवटते. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही पांढरा पडला नाही, तर शय्याव्रणाची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, बेडसोअरची) ती सुरुवात. तिथे चोळू नका, रबरी चकती ठेवू नका. भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. रेक्झिनवर थेट झोपवू नका, घामाने कातडी मऊ पडते.

कपडे : पुढून उघडणारा सदरा, लुंगी. आधी लुळा हात बाहीत घाला, काढताना तो शेवटी. पाहुण्यांसमोर "आज दोनदा झाली" हा विषय नको. मदतनिसाने अरेतुरे किंवा 'बाळा' म्हणायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा.

रडणं नेहमीच लाजेचं असेल असं नाही. पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना रडू कोसळतं, काहींना नैराश्य येतं. दोन्हींवर औषध आहे. दिवसातून कितीदा आणि कशानंतर रडू येतं ते आठवडाभर लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.