आठशेचे ब्रेक: कंपनीचे घ्यायचे की बाहेरचे?

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे २००६ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली म्हणून विकायची नाहीये. गावातच फिरते, महिन्यातून एकदा तुळजापूर, कधी अक्कलकोट. मागचे लायनर (चाकाच्या ड्रमला आतून घासून ब्रेक लावतात ते) संपलेत, पुढचे डिस्क पॅडपण बदला म्हणतोय मिस्त्री. कंपनीचे महाग पडतात, बाहेरचे निम्म्यात येतात, आणि मिस्त्रीचं म्हणणं जुन्या गाडीला कशाला एवढा खर्च. काय करू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: जुन्या गाडीला कशाला खर्च, हे सीट कव्हरला ठीक आहे हो, ब्रेकला नाही. तुमच्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाही, जे काय आहे ते ब्रेकच.

आता कंपनीचा की बाहेरचा, तर गाडीची कंपनी ब्रेकचे पार्ट बहुतेक सप्लायरकडूनच घेते आणि ब्रेक्स इंडिया, राणे असले मोठे ब्रेकवाले स्वतःच्या नावाच्या बॉक्समध्येपण माल विकतात. म्हणून बाहेरचा म्हणजे खराब असं धरू नका, फक्त दुकानात गेल्यावर 'लोकल दाखवा' म्हणू नका, मेक कुठला ते विचारा. बॉक्सवर पार्ट नंबर, एमआरपी बघा आणि पक्कं बिल घ्या. बिल द्यायला दुकानदार कां-कू करायला लागला की तो माल तिथेच ठेवा.

बिननावाचा माल मात्र नकोच. मी स्वतः एकदा असले लायनर टाकले होते, पैसे वाचले म्हणून खूश होतो, तीन महिन्यांत मागून करकर आवाज यायला लागला, ड्रम काढला तर लायनिंगची घासणारी पट्टी ती चिकटवलेल्या पत्र्यावरून, म्हणजे शूवरून, अर्धी सुटलेली, नखाने ओढली तर अख्खी हातात आली, पत्र्यावर गोंदाचा नुसता पिवळा डाग. ती पट्टी तुळजापूरचा घाट उतरताना सुटून ड्रममध्ये अडकली असती तर चाकच जाम झालं असतं, बायकापोरं गाडीत होती त्या महिन्यात दोनदा.

तर पॅड आणि लायनर नावाजलेल्या मेकचे बिनधास्त टाका. पण व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबतो तो), त्याचं रबर किट, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देतो तो) इथे पैसे वाचवू नका, कंपनीचंच घ्या, कारण रबर हलकं निघालं की ऑइल गळतं आणि पेडल खाली जातं. मिस्त्रीने ड्रम उघडला की समोर उभं राहा आणि व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी जरा उलटून बघायला सांगा. आत ओलं दिसलं तर आधी सिलिंडरचं काम, नाहीतर ते ऑइल नव्या लायनरवर उतरतं आणि कंपनीचे असले तरी वाया जातात. ड्रमला आत खाच पडलीय का तेही बघा.

दोन्ही बाजूचे एकदमच बदला, एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते. आणि पहिले दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका, बसू द्या त्यांना, तुळजापूर त्यानंतर.

प्रश्न: गाडीत डॉट ३ ब्रेक ऑइल आहे, डॉट ४ टाकलं तर चालेल का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर: चालेल. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ २३० पर्यंत. पण दोन्ही हवेतलं पाणी ओढतात आणि पाणी मुरलं की हे आकडे १४० आणि १५५ वर येतात. आपल्याकडचा मे महिना, त्यात घाट, ऑइल उकळून वाफ झाली की पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी जुनं पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवीन भरा, गॅरेजमध्ये उघडा पडलेला डबा नको. डॉट ५ मात्र टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं, या दोन्हींत मिसळत नाही. भरताना बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उचलतं ते.